आईच्या नावापुढची चौकट

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेआठच्या आत शाळेच्या फाटकाशी जो पोचतो, तो एक तर परगावचा असतो, नाही तर गाढव असतो. मी याच आरेकिपा शहरात जन्मले-वाढले, तेव्हा मी कोण ते उघड आहे.

आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. मतदानाच्या टेबलावर बसायला निवडणूक कचेरी चिठ्ठ्या काढून तीन नागरिक निवडते. त्यातला एखादा उगवला नाही, की त्या टेबलाच्या रांगेत जो सगळ्यांत पुढे असेल त्याला धरून आत बसवतात, ते थेट मतमोजणी संपेपर्यंत. नाही म्हणायची सोय नाही, दंड आहे. म्हणून शहाणी माणसं घरी बसून नाश्ता करतात, दहा वाजू देतात आणि मग सावकाश येतात.

मी गेले ती आदोबोपायी. दर रविवारी सकाळी मी दारात आदोबोचं, म्हणजे डुकराच्या झणझणीत रश्श्याचं, मडकं विकायला मांडते. मतदानाच्या रविवारी लोक मत देऊन मगच खायला येतात, म्हणजे दहानंतर झुंबड. त्याआधी आपलं मत उरकून यावं, एव्हाना टेबल मांडून झालं असेल, असा माझा अंदाज.

उरकून यावं, हाच शब्द माझ्या मनात होता, खोटं कशाला बोलू? दोन महिने राष्ट्राध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष ऐकून माझे कान किटले होते. पहिल्या फेरीत अकरा उमेदवार होते. त्यातून देशाने निवडून निवडून दोन ठेवले, एक छत्रीवाला आणि एक पतंगवाला. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. छत्रीवाला बसकंपनीचा मालक, खासदार असताना त्याने स्वतःच्याच गाड्यांसाठी रस्ता बांधून घेतला. पतंगवाला माजी न्यायाधीश, त्याच्या निकालांच्या कृपेने कितीतरी चोर आज मानाने फिरतात. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण यातला दगड कोणता आणि वीट कोणती यावरून आमच्याच घरात डोकी फुटायची वेळ आली होती.

माझा थोरला भाऊ आब्दोनदादा छत्रीचा. त्याचं खिळे-पत्र्याचं दुकान आहे, नवा रस्ता आला की धंदा वाढेल ही त्याची आशा. धाकटा उबाल्दो शाळामास्तर, तो पतंगाचा. ईस्टरच्या जेवणात दादा म्हणाला, "तुझा न्यायाधीश देश विकून खाईल." उबाल्दो म्हणाला, "तुझ्या बसवाल्याने आधीच विकलाय, विकायला उरलंय काय?" झालं. त्या दिवसापासून एक आला की दुसरा उठून जायचा आणि मध्ये मी दोघांची ताटं उचलत बसायचे. एकदा मी ओरडले, "दोघेही चोर आहेत! मी दोघांवर फुली मारणार!" त्यावर मी मूर्ख आहे, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

आई मात्र कुणाला काही बोलायची नाही. कुणाला मत देणार हेही सांगायची नाही. सातुर्निना तिचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडे मत देणं सक्तीचं, पण सत्तरीनंतर नाही दिलं तरी चालतं. पण आईला हे सांगायची छाती कुणाची? ती डोंगरातल्या गावात वाढली, शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि तिच्या तरुणपणी अडाण्यांना मतच नव्हतं. बाबा मत द्यायचे, दीर मत द्यायचे, ती बाहेर ओट्यावर त्यांच्या टोप्या सांभाळत बसायची. ऐंशी साली कायदा बदलला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तेव्हापासून तिने एक निवडणूक चुकवलेली नाही. सही येत नाही, यादीत बोटाचा ठसा उठवते. आल्यावर आठवडाभर त्याबद्दल बोलते.

यंदा तिचे गुडघे पार गेले होते. तिला खुर्चीवर बसवून न्यायचं, असं दोन्ही भावांनी माझ्यामार्फत ठरवलं, कारण एकमेकांशी ते बोलत नव्हते. खुर्चीला चार पाय आणि उचलायला दोन माणसं लागतात, तेव्हा नाइलाज होता.

तर मी सव्वाआठला रांगेत. माझ्यापुढे एकच जाडा गृहस्थ. तेवढ्यात कचेरीची बाई कागद हलवत आली. "या टेबलावर एक सदस्य कमी आहे. पुढे कोण आहे?" जाडा गृहस्थ एकाएकी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच माझ्या मागे सरकला. त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. मी वळून पाहिलं, तर मागची रांग चार पावलं मागे गेलेली. अंगणात मी एकटी उभी, हातात ओळखपत्र.

"अहो, मडकं चुलीवर आहे माझं!" मी म्हटलं.

"प्रत्येकाचं काही ना काही चुलीवर असतंच, बाई. या आत."

आत दोघं बसले होते. अध्यक्ष शेयला नावाची बावीस वर्षांची मुलगी, चिठ्ठीत नाव निघालेली, नियमांचं पुस्तक छातीशी धरून बसली होती. दुसरे लिओन्सिओ काका, निवृत्त शिंपी, त्यांच्याकडे शाईची बाटली. मला सचिव केलं. म्हणजे मतदार यादी माझ्या ताब्यात. माणूस येणार, ओळखपत्र देणार, शेयला मतपत्रिका देणार, तो आडोशाला जाऊन फुली मारून कागद पेटीत टाकणार. मग माझ्यासमोर यादीत आपल्या फोटोपुढच्या चौकटीत सही आणि ठसा. मग काकांच्या बाटलीत बोट बुडवून घरी. काम एवढंच, पण अडीचशे माणसांचं.

मी घरी फोन लावला. "आई, मला धरलं."

आई खो-खो हसली. "पुढे मिरवायला कुणी सांगितलं होतं? बरं झालं पण. मडकं मी आणि शेजारीण बघतो. तू माझं टेबल बघ. माझं नीट गेलं पाहिजे, डेल्फिना. कदाचित शेवटचंच असेल."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र नाही, गुडघे बोलतायत."

आम्ही दोघींनी ओळखपत्रावरचा पत्ता एकाच दिवशी बदलून घेतला होता, म्हणून आमचं टेबल एकच.

नियमाप्रमाणे आम्ही तिघांनी आधी मतं दिली. आडोशाला गेले, कागद उघडला. छत्रीखाली तो हसतोय, पतंगाखाली हा हसतोय. दोन महिन्यांचा सगळा राग माझ्या हातात उतरला. मी दोघांच्या तोंडावर, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली ओढली आणि खाली लिहिलं, "तुमच्यापेक्षा माझ्या मडक्यातलं डुक्कर बरं." लिहून फार बरं वाटलं. पेटीत टाकताना तर हसूच आलं.

मग जे सुरू झालं ते संपेना. चष्मा विसरलेले, टेबल चुकलेले, "फोटो माझा नाही" म्हणून भांडणारे. नाडीवाला गृहस्थ अकराला ऐटीत आला आणि "गर्दी आहे का हो?" असं विचारू लागला. मी त्याचा ठसा असा दाबून घेतला की तो "आई गं" म्हणाला. खोलीत दोन्ही पक्षांचे एजंट. छत्रीची एक गॉगलवाली बाई, पतंगाचा दाढीवाला तरुण. कुणी शिंकलं तरी एक म्हणायची हा प्रचार आहे आणि दुसरा म्हणायचा नोंद करा. शेयला दर वेळी पुस्तक उघडायची. भुकेने माझं डोकं दुखायला लागलं होतं.

साडेबाराला आई आली. दोन्ही भाऊ खुर्ची उचलून, घामाघूम, एकमेकांकडे न बघता. आईने ठेवणीतली भरतकामाची टोपी घातली होती. तिला पाहून सगळी रांग बाजूला झाली. गॉगलवाल्या बाईने तर स्वतःची खुर्ची सरकवून वाट करून दिली. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सचिव म्हणून जन्मालाच आले होते. मतपत्रिका घेतली, "मला धरू नका" म्हणाली आणि टेबलाला धरत धरत आडोशाला गेली.

ती आत गेली आणि दादाचं तोंड सुटलं. "वाटभर तिच्या कानात पतंग-पतंग करत होतास. मला काय ऐकू येत नाही?"

"मी म्हटलं, शालीचा पदर सांभाळ, पायात येईल," उबाल्दो म्हणाला. "तुला तर झोपेतही पतंगच दिसतो."

"मास्तरकी वर्गात कर!"

"आणि तू खिळे विक, अक्कल विकू नकोस! ती तुझ्याकडे शिल्लक नाही!"

गॉगलवाली ओरडली, "खोलीत पतंगाचं नाव घेतलं! नोंद करा!" दाढीवाला ओरडला, "आधी त्यांनी घेतलं, छत्रीवाल्यांनी!" दादाने उबाल्दोची कॉलर धरली. माझ्या डोक्याची शीर तडकली. मी यादी तशीच उघडी टाकून उठले, दोघांच्या मध्ये घुसले आणि त्यांना ढकलत व्हरांड्यापर्यंत नेलं. "लाज वाटत नाही? एक पन्नाशीचा, एक पंचेचाळिशीचा! म्हातारीला बाहेर आणायचं आहे अजून! तुमचे ते दोघे आज दुपारी कुठल्या तरी हॉटेलात गिळत असतील, आणि तुम्ही इथे एकमेकांच्या कॉलरी फाडा!" मी आणखीही पुष्कळ बोलले. मनात साठलेलं सगळंच बोलले.

परत आले तेव्हा आई खुर्चीत बसली होती, मधलं बोट शाईत बुडवून वर धरलेलं. ओळखपत्र काकांनी तिच्या हातात दिलेलं. "टाकलं गं," ती म्हणाली. पुढचा मतदार हात पुढे करून उभाच होता. मी बसले आणि त्याचं पान उघडलं.

चारला दार बंद झालं. आधी यादीतल्या सह्या मोजायच्या, मग पेटीतल्या मतपत्रिका, न उघडता. दोन्ही आकडे जुळले की मोजणी. यादीत दोनशे अकरा भरले. पेटीत दोनशे बारा निघाले. पुन्हा मोजलं, दोनशे बारा. तिसऱ्यांदा काकांनी कापडावर खुणा कराव्यात तशी दहा-दहाची गड्डी लावून मोजलं. दोनशे बाराच.

"एक जास्त!" गॉगलवाली म्हणाली. "कुणीतरी दोन टाकली."

"टाकणारे कोण ते सगळ्या देशाला माहीत आहे," दाढीवाला म्हणाला. झालं, दोघं एकमेकांच्या तोंडाला लागले.

मी यादी माझ्याकडे ओढली आणि पान पान बघत गेले. सातव्या पानावर माझी आई. फोटोत तिने हीच टोपी घातली होती. पुढची चौकट स्वच्छ रिकामी.

तिने पेटीत टाकलं, काकांनी शाई लावली, आणि ठसा घ्यायला जिने बसायचं ती मी व्हरांड्यात भावांना अक्कल शिकवत होते. ठशाचं पॅड माझ्या कोपराशी उघडं पडलं होतं. एजंट खिडकीशी भांडत होते, शेयला पुस्तक चाळत होती, काका चष्मा पुसत होते. एक बोट टेकवायचं, बस्स. दोनशे बाराला दोनशे बारा. आईची चौकट भरली असती. कुणाचं बोट हे कोण बघतंय?

मी बोट पॅडवर टेकवलंही. वर घेतलं तर टोक काळंभोर. आणि तिथेच थांबले. दोन महिने मी सगळ्यांना चोर म्हणत होते, अगदी सकाळी कागदावरसुद्धा. आता ते बोट त्या चौकटीवर मला ठेववेना. स्वतःचाच इतका राग आला की रडूच येईल असं वाटलं. मी ते बोट झग्याला पुसलं आणि म्हटलं, "चूक माझी आहे. माझ्या आईचा ठसा घ्यायचा राहिला. साडेबाराला आली होती, खुर्चीवरून. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं तिला."

गॉगलवाली म्हणाली, "सचिवाची आई? वा! हे तर घरचंच कार्य निघालं."

"अहो, तुम्हीच खुर्ची सरकवलीत तिच्यासाठी!"

"मी अनेकांसाठी सरकवली. नाव नाही विचारलं."

मी दाढीवाल्याकडे वळले. "तू तरी सांग."

तो खाली बघत म्हणाला, "पाहिलं, बाई. पण लिहून नाही देणार. उद्या म्हणतील आम्हीच खेळ केला."

"मी तिला घेऊन येते. पंधरा मिनिटांत आणते. बोटाची शाई बघा, मग ठसा घ्या!"

शेयलाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण बोट पुस्तकातल्या ओळीवर ठाम होतं. "चारनंतर यादीत काही भरता येत नाही, बाई. आणि मतपत्रिका जास्त निघाल्या तर..." तिने वाचून दाखवलं. जास्तीची मतपत्रिका अध्यक्षाने न बघता पेटीतून काढायची आणि न उघडता नष्ट करायची. तक्रार चालत नाही.

"कुठलीही?" काकांनी विचारलं.

"कुठलीही."

नियम ऐकून दोन्ही एजंट एकदम गार झाले. दोघांच्याही दृष्टीने तो न्याय होता, कारण तो कुणालाच उपयोगी नव्हता. शेयलाने सगळे कागद पेटीत परत टाकले, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हात घातला. एक घडी निघाली. तिने ती उभी फाडली, आडवी फाडली, आणखी बारीक केली. मी त्या हातांकडे बघत राहिले. कुणीतरी रांगेत तासभर उभं राहून ते दिलं होतं. आईचं असेल, नसेल. दोनशे बारातलं एक, आणि ते कुणाचं हे आता जगात कुणालाही कळणार नव्हतं.

मग मोजणी. छत्री, पतंग, पतंग, छत्री, कोरं, पतंग. साठ-सत्तर कागद झाले असतील, शेयलाने एक उघडला, थबकली आणि वाचलं, "तुमच्यापेक्षा माझ्या मडक्यातलं डुक्कर बरं." काका हसले. दोन्ही एजंटसुद्धा हसले, दिवसातून पहिल्यांदा एकत्र. "बाद," शेयला म्हणाली, आणि सचिव म्हणून बाद मतांच्या रकान्यात ती रेघ मलाच मारावी लागली.

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. दोघे भाऊ रेडिओच्या दोन बाजूंना बसले होते. निकाल इतका अटीतटीचा होता की दोघेही घाबरलेले, म्हणून गप्प. आईने माझ्यासाठी आदोबोची वाटी राखून ठेवली होती, पाव फडक्यात गुंडाळून. जांभळं बोट मांडीवर.

"ये. नीट गेलं ना माझं?"

थाप मारता आली असती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ठसा, चौकट, दोनशे बारा, फाडलेला कागद.

"एवढं साधं काम!" दादा ओरडला.

"ताई, तुला यादी सोडून उठायला सांगितलं कुणी?" उबाल्दो ओरडला.

"तुम्ही!" मी ओरडले. "तुम्ही दोघांनी!"

आईने हात वर केला. सगळे थांबले. तिने आपल्या जांभळ्या बोटाकडे पाहिलं.

"म्हणजे यादीत मी आलेच नाही."

"नाही, आई."

"असू दे. चूक होते. तू मुद्दाम नाही केलीस." मग तिने मान वर केली. "आणि फाडलं ते माझंच असेल असं कुठे आहे? दुसऱ्या कुणाचंही असेल. तुझंही असेल."

"माझं नाही," मी म्हटलं आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

"तुला काय माहीत?"

आता सुटका नव्हती. "माझं निघालं मोजणीत. मी दोघांवर फुली मारून खाली लिहिलं होतं." काय लिहिलं होतं तेही सांगितलं. दादाला हसू फुटलं, पण आईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"लिहिलं होतंस," आई म्हणाली. "मी बाहेर टोप्या सांभाळत बसायचे, कारण मला लिहिता येत नव्हतं. तुला यावं म्हणून मी आठ वर्षं लोकांचे कपडे धुतले. आणि तू तिथे जाऊन हे लिहिलंस?"

"आई, दोघेही चोर आहेत गं..."

"असतील. मलाही दिसतं. पण ही दोघं माझी पोरं भांडतात, कॉलरी फाडतात, तरी त्यांना कुणीतरी हवं आहे. मला हवं होतं. तुला कुणीच नको होतं, आणि तुझंच तेवढं जपून मोजलं."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने ऐकलं नाही. तिने एक हात दादाकडे केला आणि दुसरा उबाल्दोकडे. "मला आत न्या," म्हणाली. रोज तिला मीच नेते. दोघांनी दोन बाजूंनी तिला उठवलं आणि ते सांभाळत सांभाळत आतल्या खोलीत गेले. मी रेडिओ बंद केला.